घरून काम करणाऱ्यांची कचेरीतली दिवाळी

पुण्या-मुंबईच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत दिवाळीचा समारंभ बहुधा सुट्या लागण्याआधी, कामाच्या दिवशीच होतो. रांगोळी, सजावटीच्या स्पर्धा, पारंपरिक वेश, फराळ आणि शेवटी सामूहिक फोटो, असा त्याचा ठरलेला साचा. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणे रुळले आणि हिंजवडीतल्या कंपनीचे काम सांगलीत बसूनही होऊ लागले.

अशा कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांचे आवाज पाठ असतात, माणसे मात्र नवी वाटतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलणे कामापुरतेच राहते. मुलाची शाळा, आईचे दुखणे, गावाकडचा पाऊस हे विषय तिथे निघतच नाहीत. समारंभाचे खरे मोल इथेच आहे. त्यासाठी फराळाच्या वेळेला पोहोचण्यापेक्षा सकाळी सजावटीलाच हजर राहिलेले बरे. रांगोळीत रंग भरताना किंवा माळा बांधताना हात गुंततात आणि अनोळखी माणसाशीही बोलणे सहज सुरू होते. सांगलीहून येताना आणलेला भडंगाचा पुडा हेच काम करतो. आपल्या गटाबाहेरच्या माणसांना, विशेषतः लॅपटॉप दुरुस्त करून पाठवणाऱ्यांना आणि पगाराचे काम पाहणाऱ्यांना, आवर्जून भेटावे.

प्रवास शक्य नसेल तर पडद्यावरून सहभाग उरतो. तो तोकडाच. तरीही फराळाचा डबा कुरिअरने आधी पोहोचला आणि गप्पांचे गट लहान ठेवले, तर त्यातही रंगत येते.