दाराची खरी रुंदी



दाराची रुंदी विचारली की आपण चौकट मोजतो. चाकांच्या खुर्चीला चौकटीचा काय उपयोग? अमेरिकेत १९६१ साली अपंगांसाठी इमारतींचे पहिले राष्ट्रीय प्रमाण ठरले. त्यात म्हटले होते की, दार उघडल्यावर वाट किमान ३२ इंच मोकळी राहिली पाहिजे. तेथील १९९० च्या कायद्याखालील नियम ही वाट मोजतात ती काटकोनात उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत. फळीची जाडी वाट खाते, हे त्यांनी ओळखले.

पण मला खरे कौतुक वाटते ते कडीशेजारच्या भिंतीचे! दार आपल्याकडे ओढायचे असेल, तर कडीच्या बाजूला १८ इंच जागा मोकळी हवी. का? खुर्ची दारासमोरच उभी राहिली, तर ओढलेली फळी बसणाऱ्याच्या गुडघ्यांवरच येणार! त्याला बाजूला सरकायला जागा नको का? मूठही पिरगाळावी लागणारी नको. आणि उंबरठा फार तर अर्ध्या इंचाचा. आमचा उंबरठा पुजायचा. तो पुजावा, पण इतका उंच कशाला?

आपल्याकडे २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेने ९०० मिलिमीटर मोकळे दार सांगितले. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नियमांनी अशा मार्गदर्शिकांना नुसत्या शिफारशींचे रूप दिले आहे; ते कायद्याला धरून नाही. किमान निकष बंधनकारक करा, असे केंद्राला बजावले. तेव्हा नव्या शाळेचा, कचेरीचा नकाशा समोर आला की बांधणाऱ्याला एवढेच विचारा: दार उघडल्यावर मोकळे किती उरते?