नावेची काठी
(नदीकाठच्या मच्छीमार मंडळींपुढे किनवट येथे केलेले भाषण)



किनवट हे पैनगंगेच्या काठचे गाव. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावर इसापूरचे मोठे धरण आहे. सहस्रकुंडाला ती काळ्या खडकांवरून खाली उडी घेते. नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची ती हद्द आहे. शेवटी ती वर्धा नदीला मिळते. तिच्या डोहात मरळ मिळते, वांब मिळते, रोहू मिळतो. त्यावर किती तरी घरांची चूल पेटते.

मासे कसे धरावे हे तुम्हाला सांगायला मी आलो नाही. भोई बांधवांना मासे धरायला शिकवणे म्हणजे माशालाच पोहायला शिकवणे. आज बोलायचे आहे ते नाव वळवण्याविषयी. नाव वळवायची काठी कोणती असावी? तिचे फायदे कोणते, तोटे कोणते? आता धरणाच्या पाण्यावर इंजिनाच्या नावाही चालतात. कोणी म्हणतो, नावेच्या बाजूला उभा दांडा बसवून घ्या, लई सोपं पडतं. कोणी म्हणतो, नको ते झंझट, आपलं वल्हंच बरं. दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे आहे. म्हणून पैसे घालण्याआधी नीट विचार करू या.

आधी एक गोष्ट समजून घ्या. नाव बैलगाडीसारखी वळत नाही. गाडी पुढून वळते. उजवा कासरा ओढला की बैल उजवीकडे वळतो आणि गाडी त्याच्यामागे जाते. नाव मागून वळते. नावेचे शेपूट डावीकडे ढकलले की नाक उजवीकडे फिरते. म्हणून काठाजवळ किंवा खडकाजवळ नाव वळवताना नुसते नाकाकडे बघून भागत नाही. नाक सुटते आणि शेपूट आपटते. वळताना एकदा मागेही बघावे.

आता पहिली काठी घ्या. ती म्हणजे आपला बांबू.

बांबू तळाला टेकवायचा आणि नाव रेटायची. बांबूला खर्च नाही. तो मोडला तर दुसरा तोडता येतो. पाणी किती खोल आहे ते तो सांगतो. खाली चिखल आहे की खडक आहे, तेही हाताला कळते. उथळ पाण्यात याच्यासारखा सोबती नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण माणसांविषयी म्हणतो. पण नावेवर ही म्हण जशीच्या तशी खरी आहे. पाणी खळखळले की समजावे, खाली खडक जवळ आहे. तिथे बांबू हाती घ्यावा.

बांबूचा तोटा काय? डोहात तळ लागत नाही. तिथे बांबू नुसता हातात राहतो. दुसरा तोटा जिवावरचा आहे. बांबू चिखलात किंवा खडकाच्या फटीत रुततो. नाव मात्र पुढे जात असते. माणूस बांबू सोडत नाही. मग नाव पायाखालून निघून जाते आणि माणूस पाण्यात पडतो. पाण्याला ओढ असली तर नाव त्या बांबूवर चढते आणि कलंडते. म्हणून नेम ठेवा. बांबू रुतला की सोडून द्यायचा. बांबू पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही.

दुसरी काठी म्हणजे वल्हे.

वल्ह्याने नाव चालते आणि वळतेही. मागे बसून वल्हे पाण्यात धरले की तेच सुकाणू होते. वल्ह्याचा मोठा गुण असा की नाव जागेवर उभी असली तरी ती वल्ह्याने वळवता येते. पाणी आपल्याकडे ओढले की शेपूट सरकते. तेल नको, पट्टा नको, केबल नको. तोटा इतकाच की हात दुखतात, आणि वारा समोरून आला की नाव पुढे सरत नाही. धरणाचे पाणी लांबरुंद असते. तिथे दुपारचा वारा सुटला की एकट्याच्या वल्ह्याचा निभाव लागणे कठीण.

तिसरी काठी म्हणजे सुकाणूचा दांडा.

कोकणात कोळी बांधवांच्या होड्या समुद्रात जातात. शिडाच्या होडीच्या मागे लाकडाची फळी पाण्यात उभी असते. ते सुकाणू. त्याच्या डोक्याला दांडा असतो. तो दांडा तांडेलाच्या हाती असतो. दांडा उजवीकडे सारला की होडीचे नाक डावीकडे जाते. दांडा डावीकडे सारला की नाक उजवीकडे जाते. हे नव्या माणसाला उलटे वाटते. बैलगाडी मागे सारताना बघा. जू उजवीकडे नेले की गाडीचा मागला भाग डावीकडे जातो. तसेच हे आहे.

या उलट्या चालीमुळे मोठ्या मोठ्या जहाजांवरही घोटाळ्याची भीती असे. पूर्वी इंग्रजी जहाजांवर हुकूम दांड्याच्या दिशेने देत. म्हणजे जहाज डावीकडे न्यायचे असले तर हुकूम ‘उजवीकडे’ असा द्यायचा. १९१२ साली टायटॅनिक नावाचे प्रचंड जहाज बर्फाच्या डोंगरावर आदळून बुडाले. त्या रात्रीचा हुकूमही याच जुन्या रीतीने दिलेला होता. हुकमाप्रमाणे जहाज डावीकडेच वळू लागले, पण डोंगर फार जवळ आला होता. पुढे १९२९ साली लंडनला देशोदेशींचा करार झाला. त्यात ठरले की जहाज ज्या बाजूला न्यायचे त्याच बाजूचे नाव घ्यायचे.

यातून आपण काय घ्यावे? नावेवर दोघे असतात. एक पुढे जाळे सोडतो, एक मागे नाव सांभाळतो. पुढच्याने ओरडून सांगायचे ते नाकाचे सांगायचे. “नाक उजवीकडे घे!” असे म्हणावे. “दांडा उजवीकडे!” असे म्हणू नये. निघायच्या आधीच हे दोघांनी ठरवावे. खडक पुढे आल्यावर विचारायला वेळ नसतो.

सुकाणूविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. ती नीट ऐका. सुकाणूवरून पाणी सरकले तरच सुकाणू काम करते. नाव आणि पाणी एकाच वेगाने चालले तर सुकाणूवरून पाणी सरकतच नाही. पुरात नाव नुसती वाहत चालली तर काय होते? काठावरचे झाड भराभर मागे पडते. आपल्याला वाटते, नाव केवढी पळते आहे! पण दांडा कितीही हलवा, नाव ऐकत नाही. कारण ती पाण्याबरोबर वाहते आहे, पाण्यातून चालत नाही. अशा वेळी नाव वल्हवून पाण्यापेक्षा जलद न्यावी लागते, किंवा उलटे वल्हे मारून पाण्यापेक्षा हळू करावी लागते. तेव्हाच ती वळते. म्हणून पुराच्या पाण्यात नाव घालूच नये, हे उत्तम. धरणाचे दरवाजे उघडले की नदी चढते. आपल्याकडे पाऊस नसला तरी चढते. सहस्रकुंडाच्या वरच्या बाजूला तर नाव धारेला लागू देऊच नये.

आता इंजिनाकडे येऊ. १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिराने नावेच्या मागे अडकवायचे इंजिन बाजारात आणले. हा माणूस मूळचा नॉर्वे देशातला. आज जगभर लहान नावांना अशी इंजिने लावतात. या इंजिनाला सुकाणूची फळी लागत नाही. खाली फिरणारा पंखा पाणी मागे फेकतो. अख्खे इंजिन वळवले की पाण्याचा फवारा वळतो आणि नाव वळते.

हे इंजिन वळवायचे कसे? दोन रीती आहेत.

पहिली रीत अशी. इंजिनालाच एक दांडा असतो. मागे बसून तो हातात धरायचा. त्याचीच मूठ पिळली की रेस कमी-जास्त होते. वळवणे आणि वेग, दोन्ही एका हातात. मध्ये दोरी नाही, केबल नाही. तुटणार काय? शिवाय पाण्याचा जोर सरळ हाताला कळतो. पंख्यात गवत अडकले तर हाताला लगेच धक्का जाणवतो. हे याचे फायदे.

तोटे असे. माणूस मागे बसतो, इंजिनही मागे असते. सारा भार शेपटावर येतो आणि नाक वर उचलले जाते. मग पुढचे दिसत नाही. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडे असतात, दुसऱ्यांच्या जाळ्यांची तरंगती भेंडे असतात. ती वेळेवर दिसली नाहीत तर घात होतो. दिवसभर हात मागे ठेवून खांदाही भरून येतो.

दुसरी रीत म्हणजे बाजूचा उभा दांडा. नावेच्या कडेला, बसायच्या जागेशेजारी, एक उभी काठी बसवतात. तिच्यापासून इंजिनापर्यंत केबल किंवा दोरी नेतात. काठी पुढे ढकलली की नाव एका बाजूला वळते. मागे ओढली की दुसऱ्या बाजूला वळते.

याचे फायदे बघा. माणूस मध्ये किंवा पुढे बसतो. नाक खाली राहते आणि समोरचे नीट दिसते. मोटारीसारखे गोल चाक बसवले तर मधली जागा अडते. काठी कडेला राहते, म्हणून जाळे ठेवायला आणि ओढायला जागा मोकळी मिळते. नावेचा तोलही चांगला राहतो.

आता तोटे. पहिला तोटा असा की पुढे ढकलणे आणि डावे-उजवे वळणे यांचा मेळ डोक्यात लवकर बसत नाही. त्यातही केबल कशी जोडली आहे त्यावर दिशा ठरते. एका नावेत पुढे ढकलली की उजवीकडे, तर दुसऱ्या नावेत तीच डावीकडे. रोज एकच माणूस नाव चालवत असेल तर चालते. पण आज थोरला, उद्या धाकटा, परवा शेजारी, असे असेल तर धोका आहे. दुसरा तोटा, जाळे ओढताना धोतराचा सोगा, दोरी किंवा कोपर त्या काठीत अडकते. काठी सरकली की नाव गर्रकन वळते आणि उभा माणूस पाण्यात जातो. तिसरा तोटा, केबल गंजते, दोरी ताणते. ती कधी तुटेल हे आधी सांगून तुटत नाही. काठी हातात असते, पण नाव हातात नसते. आणि दुरुस्तीचा कारागीर पाण्यात भेटत नाही.

आणखी एक. इंजिन कोणत्याही रीतीने वळवा, ते बंद पडले की वळवणेही गेले. समोर खडक दिसला म्हणून घाबरून रेस एकदम सोडू नका. रेस सोडली की फवारा थांबतो आणि नाव सरळ खडकाकडेच जाते. आधी वळवा, मग हळू करा. म्हणून खोडांच्या जागी आधीपासूनच हळू चालावे.

मग आपण काय करावे?

नदीच्या डोहात आणि खडकाळ जागी बांबू आणि वल्हे हेच खरे. तिथे इंजिनाचा पंखा खडकाला लागेल. तिथे दांड्यावर पैसे घालू नयेत. धरणाच्या मोठ्या पाण्यावर एकटा माणूस लहान नाव नेत असेल तर इंजिनाचा हातदांडा बरा. तो साधा आहे, आणि साधे ते कमी मोडते. नाक वर उचलत असेल तर जाळे, दगड, मासळीची टोपली पुढे ठेवावी. नाव मोठी असेल, दोघे-तिघे असतील, लांब जायचे असेल आणि चालवणारा एकच ठरलेला असेल, तर बाजूचा दांडा घ्यायला हरकत नाही. पण तो घेतला तर काठीजवळ रंगाने दोन बाण काढा. पुढे ढकलले तर नाक कुठे जाईल, मागे ओढले तर कुठे जाईल, ते मोठ्या अक्षरात लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. त्या अक्षरांचा असा उपयोग करा. रोज निघताना काठी दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. केबल हाताने चाचपून बघा.

आणि नाव कोणतीही असो, वल्हे नावेत असलेच पाहिजे. इंजिन असलेल्या नावेत तर दोन असावीत. इंजिन बंद करणारी दोरी मिळते. ती चालवणाऱ्याने मनगटाला बांधावी. माणूस पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन थांबते. नाही तर रिकामी नाव गोल फिरून पडलेल्याच माणसावर येते, आणि पंखा खाली फिरत असतो. तरंगते जाकीट अंगात घालावे. ते उशाला ठेवायला नसते. पोहणाऱ्यालाही जाळ्यात पाय अडकल्यावर पोहता येत नाही.

मंडळी, काठी बांबूची असो, लाकडाची असो, की लोखंडाची असो. ती दगा कधी देते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच हाती ती द्यावी. धाकट्या पोराच्या हाती काठी देण्याआधी त्याला हे सारे सांगा. काठावर, उथळ पाण्यात, चार दिवस शिकवा. मासळी उद्याही मिळेल. माणूस संध्याकाळी घरी आला पाहिजे.



प्रश्न
१. बैलगाडी आणि नाव यांच्या वळण्यात काय फरक आहे?
२. बांबू चिखलात रुतला तर काय करावे? का?
३. पुरात वाहणारी नाव सुकाणूचे का ऐकत नाही?
४. बाजूच्या उभ्या दांड्याचे दोन फायदे आणि दोन तोटे सांगा.
५. तुमच्या गावातल्या नावेला कोणती काठी योग्य, ते चार ओळींत लिहा.