पाचारण

ख्रिस्ती मनुष्याच्या आयुष्याचें प्रयोजन कोणतें, या प्रश्नाला उपदेशकांपाशीं तयार उत्तर असतें. मनुष्यानें करावयाचीं सत्कृत्यें देवानें आधींच योजून ठेविलीं आहेत, असा आशय पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. देव मनुष्याला ज्या कार्यासाठीं बोलावतो, त्या बोलावण्याला मराठी ख्रिस्ती लोक 'पाचारण' म्हणतात. परंतु तें ऐकूं कसें यावें? पुष्कळ सात्त्विक माणसें स्पष्ट आज्ञेची वाट पाहत जन्म घालवितात, आणि ती आली नाहीं म्हणून देवालाच बोल लावितात. अशांना गिरगांवच्या चौपाटीवरील एक जुनी हकीकत ध्यानांत घेण्याजोगी वाटेल.

पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं चौपाटीजवळ 'शारदासदन' उघडलें. उच्चवर्णीय विधवांना राहण्याची व शिकण्याची सोय तेथें व्हावयाची होती. आरंभीं विद्यार्थिनी अवघ्या दोन! एखादा शाळातपासनीस आला असता, तर हजेरीपट पाहूनच त्यानें कपाळाला हात लाविला असता. त्या दोघींपैकीं एक गोदूबाई जोशी. बालपणींच त्यांच्या कपाळीं वैधव्य आलेलें. त्यांचे बंधु नरहरपंत हे मुंबईंत धोंडो केशव कर्वे यांचे जिवलग स्नेही होते.

श्रोतेहो, त्या वेळीं रमाबाईंचें वय तीस वर्षांचें होतें. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. आईबाप व वडील बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलीं. पुढें भाऊ गेला. १८८२ सालीं पतीही गेले. पदरीं एक तान्ही मुलगी. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथून अमेरिकेस जाऊन त्यांनीं हिंदु स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलें, आणि सदनासाठीं बोस्टन येथील मंडळीकडून दहा वर्षांच्या साह्याचें वचन मिळविलें.

आतां कोणास वाटेल कीं, एवढें करणाऱ्या बाईच्या मनांत श्रद्धेचा दिवा लख्ख तेवत असला पाहिजे. वस्तुस्थिति तशी नव्हती. रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत मोकळेपणानें लिहिलें आहे कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. ती खूण पटण्यास बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें लागलीं. म्हणजे चौपाटीवरचें दार उघडलें तेव्हां त्या अजून चांचपडतच होत्या. पण विधवेचें दुःख मात्र त्यांना स्वच्छ दिसत होतें, आणि तेवढ्या उजेडावर त्यांनीं पाऊल टाकलें. पाचारणाचें खरें रूप बहुधा असेंच असावें. संपूर्ण मार्ग कोणास दिसत नाहीं; पुढची एक पायरी दिसते.

ही पायरी महाग पडली. सदनांत धर्माच्या बाबतींत कोणावर दडपण येऊं नये, ज्या मुलीनें आपला जो आचार तो पाळावा, असा नियम होता. १८९० च्या नोव्हेंबरांत सदन पुण्यास गेलें. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून मोठें वादळ उठलें. 'केसरी'नें झोड उठविली, आणि १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या.

येथें न्याय करणें सोपें नाहीं. ज्यांनीं विश्वासानें मुली पाठविल्या, त्यांची शंका खोटी म्हणतां येत नाहीं. आणि रानड्यांना तर धर्मवेडे कोणी म्हणणार नाहीं. उलट, स्वतःच्या खोलींतही देवाचें नांव दार लावून घ्यावें, ही अपेक्षा रमाबाईंना मान्य होणें शक्य नव्हतें. शिकविण्याच्या पगारी नोकरींत मनुष्य आपली श्रद्धा छत्रीसारखी बाहेर कोपऱ्यांत ठेवूं शकतो. जेथें रात्रंदिवस मुलींसह राहावयाचें, तेथें ती कोठें ठेवावी? तरी दहा वर्षांची मुदत भरेपर्यंत त्यांनीं सदनाचें बाह्य रूप बदललें नाहीं. उघडपणें ख्रिस्ती असें मुक्तिसदन केडगांवीं उभें राहिलें तें १८९८ सालीं. मधल्या काळांत मोठा दुष्काळ पडला. स्वतःचें घर दुष्काळांत उजाड झालेलें पाहिलेल्या रमाबाई १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत गेल्या, आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या.

आणि गोदूबाई? त्या ख्रिस्ती झाल्या नाहींत. ११ मार्च १८९३ रोजीं, म्हणजे सदनाच्या वाढदिवशींच, पुण्यांत त्यांचा कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला. कर्व्यांनीं पुढें अनाथ बालिकाश्रम व १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें, तें सर्वश्रुत आहे. एका ख्रिस्ती बाईनें चौपाटीवर लाविलेल्या झाडाचें हें फळ हिंदु समाजाच्या ओटींत पडलें. रमाबाईंच्या आप्तधर्मीयांपैकीं कित्येकांना तें फारसें रुचलें नसेल. पण देवाच्या हिशेबाच्या वह्या पंथवार लावलेल्या नसाव्यात.

उतारवयांत रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि बायबलाचें मराठी भाषांतर करूं लागल्या. संस्कृतप्रचुर शब्द वगळून साध्या घरगुती बाईला कळेल अशी भाषा त्यांनीं मुद्दाम योजिली. ज्या संस्कृतानें त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळवून दिली, त्याचाच हा त्याग. केडगांवच्या छापखान्यांत खिळे जुळविण्यास संस्थेंतल्याच मुली असत. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या.