घरापासून लांबच्या पाण्यात

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



क्रीडा विभागाच्या वतीने चार शब्द बोलावेत असा मुख्याध्यापकांचा आग्रह. कबड्डी-क्रिकेटविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. पण मी शिडाच्या होड्यांच्या शर्यतीविषयी बोलणार आहे. आपल्या नगर जिल्ह्यात समुद्र नाही. मोठे पाणी म्हणजे भंडारदरा, नाहीतर मुळा धरण. (निजामशाहीच्या काळी कोकणातले चौल बंदर नगरच्या अमलाखाली होते, एवढे इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगून टाकतो.)

पण समुद्र देवास जिल्ह्यातही नाही. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यातील अमलाताज गावची नेहा ठाकूर ही शेतकऱ्याची मुलगी. घर सोडून ती भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये गेली आणि तिथल्या मोठ्या तलावावर होडी चालवायला शिकली. २६ सप्टेंबर २०२३ रोजी, वयाच्या १७ व्या वर्षी, चीनमधल्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने आयएलसीए-४ या प्रकारात रौप्यपदक मिळवले. त्याच दिवशी आपल्याच संघातल्या इबाद अली यांनी शिडाच्या फळीवरील शर्यतीत कांस्यपदक घेतले.

ही होडी जेमतेम सव्वाचार मीटर लांब, आणि तिच्यात एकच खेळाडू. सुकाणू त्याने धरायचे, शिडाचा दोर त्यानेच ओढायचा आणि होडी कलली की अंग बाहेर झोकून तोलही त्यानेच सांभाळायचा. वारा समोरून असेल तर होडी सरळ पुढे जात नाही. घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी वळणे घेत जावे लागते. तलावात भरती-ओहोटी नसते, समुद्रात असते. म्हणजे घरच्या पाण्यात पाठ केलेले बाहेर गेल्यावर पुष्कळसे नव्याने शिकावे लागते. आणि एकदा शर्यत सुटली की प्रशिक्षकाला काठावरून काही सांगता येत नाही.

गुणांची रीतही आपल्या परीक्षेच्या उलट. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २. ज्याचे गुण कमी तो वरचढ. नेहाच्या ११ शर्यती झाल्या. एकूण गुण ३२, त्यांतून सर्वांत वाईट शर्यतीचे ५ वजा होऊन २७ उरले. एक वाईट दिवस हिशेबातून काढून टाकायची ही सोय मला फार आवडते. आमच्या गुणपत्रिकेत ती नाही.

आणखी एक नियम विद्यार्थ्यांनी ऐकावा. दुसऱ्याच्या होडीला आडवे जाऊन आपली चूक झाली, तर बहुतेक वेळा पंचाच्या शिटीची वाट पाहायची नसते. आपणच बाजूला होऊन होडीसह दोन गिरक्या घ्यायच्या आणि मग पुढे निघायचे. तेवढ्यात चार होड्या पुढे निघून जातात. तरी गिरक्या घ्यायच्याच.

माझ्याही दोन गिरक्या बाकी आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ परगावी सामन्यांना जायचा होता. संघातली सर्वांत चपळ मुलगी आली नाही. संमतीपत्र मी तिच्याच हाती घरी धाडले होते. ते सहीविना परत आले, आणि मी मुकाट्याने तिचे नाव यादीतून खोडले. पुढे एकदा तिचे वडील बाजारात भेटले. म्हणाले, “मास्तर, मुक्काम कुठे, सोबत बाई कोण, परत कधी येणार, कागदावर काहीच नव्हते. सही कशावर करू?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या दारात गेलो असतो तर पाच मिनिटांचे काम होते. त्या मुलीने त्यानंतर खेळ सोडला.

पालकांनी भ्यावे, यात गैर काही नाही. नेहाच्या घरीही काळजी वाटली असेलच. पण उत्तर द्यायला कुणीतरी दारात आले पाहिजे.

पुढच्या महिन्यात मुलामुलींचे दोन्ही संघ परगावी जाणार आहेत. या खेपेस संमतीपत्रावर मुक्कामाची जागा, सोबतच्या बाईंचे नाव, परतीची वेळ, सारे लिहिले आहे. सोमवारपासून मगरिबनंतर त्या बाई आणि मी, दोघे घरोघर येणार आहोत. चहाचा खटाटोप करू नका. यादीत बावीस घरे आहेत.