पाते परके, मूठ आपली

गोल्फ हा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा खेळ आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. विटीदांडूवर आपण वाढलो, क्रिकेटचे आपल्याला वेड आहे. गोल्फ मात्र छावण्यांच्या गावांतील आणि मोठ्या शहरांतील जुन्या क्लबांच्या हिरवळीवरून फारसा खाली उतरला नाही. सरकारी नोकरीतील बदल्यांच्या फेऱ्यात मला या खेळाची गोडी लागली, आणि गोडीबरोबर एक प्रश्नही पदरी पडला. त्या प्रश्नाने मला दोन वर्षे छळले. त्याचे उत्तर सापडले ते तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात. ती हकीकत आज आपल्याला सांगावी असा मानस आहे.

प्रथम प्रश्न सांगतो. गोल्फच्या खेळाडूला चौदापर्यंत काठ्या जवळ बाळगण्याची मुभा असते. त्यांतील ज्यांचे डोके धातूच्या पातळ फळीसारखे असते त्यांना आयर्न म्हणतात. चेंडू शक्य तितका दूर फेकण्याचे काम दुसऱ्या काठ्यांचे. तो हव्या त्या जागी नेऊन ठेवण्याचे काम आयर्नचे. आयर्नचे डोके आणि खेळाडूचे हात यांना जोडणारा जो दांडा, तो पोलादाचा असावा की ग्राफाइटचा, एवढाच काय तो प्रश्न.

एके काळी हा प्रश्न नव्हता. दांडे हिकरी नावाच्या अमेरिकन लाकडाचे असत. पुढे पोलादी नळीचे दांडे आले, आणि सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबने 1929 साली त्यांना मान्यता दिली. 1970 नंतरच्या वर्षांत ग्राफाइटचा दांडा आला. कोळशाचे मूलद्रव्य जे कर्ब, त्याचे केसाहून बारीक तंतू राळेत भिजवून त्यांचे थरावर थर गुंडाळायचे आणि भट्टीत भाजून काढायचे, अशी त्याची घडण. आयर्नचा पोलादी दांडा साधारणपणे नव्वद ते एकशेतीस ग्रॅम भरतो. ग्राफाइटचा पुष्कळदा साठ-सत्तर ग्रॅमच भरतो. हलका दांडा कमी श्रमात वेगाने फिरतो आणि टोल्याचा हादरा बराचसा स्वतःतच जिरवतो. पोलाद तो हादरा जशाचा तसा हाताला पोचवते. परंतु चेंडू फळीच्या मध्यावर लागला की कडेला, हेही ते हाताला स्वच्छ सांगते, आणि त्याची किंमतही बहुधा कमी असते.

माझ्याजवळ पोलादी दांडे होते. चाळिशी उलटली आणि उजव्या कोपरात कळ येऊ लागली. आयर्नचा टोला चेंडूबरोबर जमिनीलाही लागतो. कडक उन्हाळ्यात वाळलेल्या भुईवर असा टोला बसला, की कोपरापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या येत. पुढे पुढे फायलीवर सही करतानाही हात जड वाटू लागला. मित्रांनी ग्राफाइट सुचवले. मी ऐकले नाही. पोलाद हे तरण्या गड्याचे, ग्राफाइट हे पेन्शनरांचे, असा एक समज क्लबात रूढ होता आणि तो मी मनोमन मान्य केला होता. दुखण्यापेक्षा तो समज मला अधिक जाचत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

अशा मनःस्थितीत कामानिमित्त मला चेन्नईस आणि तेथून तंजावरला जावे लागले. चेन्नईच्या एग्मोर भागातील सरकारी संग्रहालयात तंजावरच्या शस्त्रागारातील शस्त्रे ठेवलेली आहेत. एका मोकळ्या दुपारी ती पाहायला गेलो. मराठी माणूस तलवारी पाहायला जातो तो अभिमानाची शिदोरी बरोबर घेऊनच. मीही तसाच गेलो होतो.

तेथे एका कट्यारीपाशी मी थबकलो. तंजावरची कट्यार ओळखू येते ती तिच्या मुठीवरून. दोन आडव्या दांड्या मुठीत धरायच्या, मनगटाच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, आणि पंजावर पानासारखे किंवा नागाच्या फणीसारखे वळलेले नक्षीदार आच्छादन. पोलादात इतके नाजूक जाळीकाम कसे उतरले असेल, याचा अचंबा वाटावा. मग दृष्टी पात्यावर गेली. पाते साधे, सरळ, पन्हळ काढलेले होते. ते परदेशी होते. युरोपात एखाद्या लांब तलवारीसाठी घडवलेले पाते तोडून आखूड केलेले, आणि आपल्या मुठीच्या दोन जिभांमध्ये रिव्हेट ठोकून पक्के बसवलेले. अशी पाती एकदोन नव्हेत. तंजावरच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या कितीतरी कट्यारींना युरोपीय पाती आहेत. आपल्या भाषेत ‘फिरंग’ हा तलवारीचा एक प्रकारच होऊन बसला, तो अशाच फिरंग्यांकडून आलेल्या पात्यांमुळे.

श्रोतेहो, माझ्या अभिमानाला हा पहिला धक्का होता. कारण पोलादाच्या बाबतीत दक्षिण भारत कोणाचा मिंधा नव्हता. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, थोडे लाकूड आणि तरवडासारख्या झाडाची पाने घालून तोंड लिंपायचे, तासन्‌तास भट्टी फुंकायची आणि मूस हळूहळू निवू द्यायची; आत जी वडी तयार होई तिला कानडीत उक्कू म्हणत. इंग्रजांनी तिचे ‘वूट्झ’ केले. सेलमच्या आसपास, म्हैसूरकडे आणि तेलंगणात या वड्या होत आणि इराण-अरबस्तानापर्यंत जात. मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी तिचे नमुने लंडनला पाठवले, 1795 साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचला, आणि पुढे खुद्द मायकेल फॅरेडे त्या पोलादाचे रहस्य शोधत बसले. असे पोलाद घरच्या अंगणात असताना सोलिंगेनच्या लोहाराचे पाते कट्यारीला का लावावे?

हा प्रश्न घेऊन मी रात्रीच्या गाडीने तंजावरला गेलो. राजवाड्याचे आवार नायक राजांनी घातलेले; सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तेथे आले, आणि पुढे 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य तेथे नांदले. दरबारचा चौक, सरस्वती महाल ग्रंथालय, आणि आकाशात चढत गेलेला मजल्यामजल्यांचा मनोरा, ज्याला शस्त्रागाराचा मनोरा म्हणतात. सकाळच्या उन्हात मी त्या रिकाम्या मनोऱ्याखाली पायरीवर बसलो आणि आदल्या दिवशीची कट्यार आठवत राहिलो.

उत्तर तेथे हळूहळू उलगडले. उक्कूच्या पोलादात कर्बाचे प्रमाण शेकडा एक ते दोन इतके असते. त्यामुळे धार विलक्षण येते आणि टिकते. परंतु जे फार कठीण ते आघाताला कडकन मोडण्याची भीतीही बाळगते. युरोपीय पात्यात कर्ब कमी. पाणी देऊन मग पुन्हा तापवून त्याला लवचिकपणा आणलेला. ते वाकते आणि पुन्हा सरळ होते. शिवाय ती पाती लांब, एकसारखी आणि गोवा-कोकणच्या बंदरांतून मुबलक मिळणारी. वक्र तलवारीने घसरता वार करायचा असेल तर उक्कूसारखे पोलाद नाही. सरळ भोसकायचे असेल, चिलखताच्या कड्यांतून टोक पार न्यायचे असेल, तर लवचिक पाते बरे. निवड करणाऱ्याने शस्त्राचे काम पाहिले. पोलाद कोणाच्या मुलखातले, हे त्याने विचारले नाही.

आणि मूठ? ती त्याने कोणाकडूनही घेतली नाही. युरोपीय तलवारीची मूठ काढून टाकली आणि जी पकड त्याच्या हाताला ठाऊक होती ती बसवली. पाते परके, मूठ आपली. स्वाभिमान कोठे ठेवावा आणि कोठे ठेवू नये, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

नावाचा मोह त्या काळीही होताच. परदेशी पात्यांवरील कारखान्यांच्या खुणांची, विशेषतः दातेरी चंद्रकोरीच्या खुणेची, हुबेहूब नक्कल इकडचे कारागीर आपल्या पात्यांवर ठोकत. खूण पाहून पाते घेणारा फसत असेल. पाते वाकवून, आपटून घेणारा फसत नसेल.

मी परतलो आणि प्रथमच माझ्या प्रश्नाकडे धडपणे पाहिले. एका जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, एकाच जातीचे डोके असलेल्या दोन काठ्या घेतल्या, एक पोलादी दांड्याची, एक ग्राफाइटची. दोहोंनी वीस-वीस चेंडू मारले. सर्वांत दूर कोणता गेला हे मोजायचे नाही, असे शिक्षकांनी आधीच बजावले होते. आयर्नचे काम नेमके अंतर गाठण्याचे. म्हणून वीस चेंडू एकमेकांपासून किती विखुरतात, तेवढेच पाहायचे. ताज्या हाताने पोलादाचे चेंडू अधिक जवळजवळ पडले. दहाव्या टोल्यानंतर कोपर बोलू लागले, आणि पोलादाचे चेंडू उजवीकडे पांगू लागले. ग्राफाइटचे विसाव्या टोल्यापर्यंत होते तसेच राहिले.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की धातूच्या आधी लवचिकपणा निवडावा. दांडा खेळाडूच्या हाताच्या वेगापेक्षा फार ताठ असला, की चेंडू खाली राहतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे जातो; मग तो दांडा कशाचाही असो. दुसरी ही, की अगदी पिसासारखा ग्राफाइट घेऊ नये. आता ऐंशी-नव्वद ग्रॅमचेही ग्राफाइट दांडे मिळतात, आणि पोलादाची सवय झालेल्या हाताला ते लवकर मानवतात. ज्याचे हातपाय धडधाकट आहेत, टोला वेगवान आहे आणि ज्याला हादऱ्यातून वाचायचे कसब आहे, त्याने खुशाल पोलाद वापरावे. जगातील कितीतरी व्यावसायिक खेळाडू आयर्नसाठी आजही तेच वापरतात. मी मात्र दांडे बदलले. मुठीचे रबर तेवढे माझ्या हाताच्या मापाचे, जुन्याच जाडीचे बसवून घेतले.

एक गंमत सांगतो. 2006 साली ड्रेस्डेन येथील संशोधकांनी सतराव्या शतकातील उक्कूच्या पोलादाच्या एका तलवारीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यात कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्याचे प्रसिद्ध केले. मुशीत तरवडाची पाने टाकणारा कारागीरही पोलादात कर्बच मिसळत होता. पोलाद आणि कर्ब यांचे हाडवैर आहे, हा आमच्या क्लबातला समज होता. भट्टीला तो कधीच ठाऊक नव्हता.

शेवटी त्या रिकाम्या मनोऱ्याविषयी एक शब्द. 1855 साली तंजावरचे राज्य खालसा झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत शस्त्रागारातील निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयाकडे गेली आणि उरलेल्यांपैकी पुष्कळशी मोडून धातूच्या भावाने विकण्यात आली. काही वाचली ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासारख्या ठिकाणी जाऊन पडली. ज्या कोणी तो निर्णय घेतला, तो माझ्याच पेशातला असणार. त्याच्यापुढे शस्त्रांची यादी असेल, वजनाचा रकाना असेल, आणि दराचाही. तराजूत घातले की मूठ आणि पाते यांत भेद उरत नाही. दोन्ही केवळ लोखंड. असे कागद माझ्याही मेजावर रोज येतात. त्या पायरीवर बसल्यापासून वजनाचा रकाना वाचून झाला, की मी क्षणभर थांबतो आणि मनाशी विचारतो, ही वस्तू कोणाच्या हातात होती, आणि कोणत्या कामासाठी?

दांडा निवडताना हाच प्रश्न मला दोन वर्षे सुचला नव्हता. कोपर आता दुखत नाही.