कंपनी कर, राज्यांचा वाटा आणि नाटे गाव



राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव जैतापूरच्या खाडीलगत वसलेले आहे. यशवंतगड आणि साखरी नाटे येथील मच्छीमारी यांमुळे ते सर्वपरिचित आहे. अशा गावात कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा विचार कशासाठी करावयाचा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो चाकरमान्यांनी मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान् पिढ्या श्रम केले. त्या श्रमांतून निर्माण झालेल्या नफ्यावरील कर मुंबईत भरला गेला. त्या कराचा कोणता अंश कोकणातील खेड्यापर्यंत परत येतो, हा प्रश्न म्हणूनच या गावाचाही आहे.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास ज्या अर्थशास्त्रज्ञाने केला, त्याचे मूळ गाव याच जिल्ह्यातील आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले. तेथील त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे जाणकार होते आणि कंपन्यांवरील करआकारणी हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता. एकाच कंपनीचा व्यवहार अनेक राज्यांत चालतो, तेव्हा तिच्यावर कर कोणी आणि किती बसवावा, हा पेच अमेरिकेत तेव्हाच उभा राहिला होता.

ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील डॉ. आंबेडकरांचा प्रबंध १९२५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. १८३३ पासून १९२१ पर्यंतचा काळ त्यात तपासला आहे. १८७१ मध्ये प्रांतांना ठराविक रकमा नेमून देण्यास प्रारंभ झाला. १८७७ पासून काही उत्पन्ने नेमून देण्यात आली आणि १८८२ पासून उत्पन्नाची वाटणी सुरू झाली. तरीही प्रांतांना कायद्याने स्वतंत्र असा महसूल मिळाला नव्हता, मध्यवर्ती सरकार देईल तेवढ्यावरच त्यांचा खर्च चालत होता, हे त्यांनी साधार दाखवून दिले. ज्याच्यावर लोकांची कामे सोपविली आहेत, त्याच्या हाती त्या कामांस पुरेल असे साधन आहे काय, ही कसोटी या संशोधनातून पुढे येते.

कंपनी कराला हीच कसोटी लावून पाहिली पाहिजे. १९१९ च्या सुधारणांनंतर प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला आणि व्यापार-उद्योगांत अग्रेसर असलेल्या मुंबई इलाख्यात त्याबद्दल नाराजी पसरली. १९३५ च्या कायद्याने प्राप्तिकराचा वाटा प्रांतांना देऊ केला, परंतु निगम कर वाटणीबाहेर ठेवला. राज्यघटनेतही आरंभी तीच व्यवस्था राहिली. १९५९ च्या वित्त अधिनियमाने कंपन्यांनी भरलेला प्राप्तिकरही निगम करात धरण्यात आला. त्यामुळे राज्यांच्या वाट्यास येणारी एक मोठी रक्कम वाटणीबाहेर गेली. सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात हा कर वाटपयोग्य करण्याची शिफारस केली. अखेर २००० मधील ८० व्या घटनादुरुस्तीने निगम करासह केंद्राचे बहुतेक सर्व कर वाटणीत आले. १ एप्रिल १९९६ पासून ती लागू धरण्यात आली.

मात्र अधिभार आणि उपकर यांची रक्कम राज्यांत वाटली जात नाही. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सप्टेंबर २०१९ मध्ये ज्या कंपन्या ठराविक सवलती सोडतील, त्यांच्यासाठी कराचा मूळ दर २२ टक्के करण्यात आला. त्यावर १० टक्के अधिभार आणि या दोहोंच्या बेरजेवर ४ टक्के उपकर मिळून शंभर रुपये नफ्यावर सुमारे २५ रुपये १७ पैसे कर होतो. त्यांपैकी २२ रुपयेच वाटणीत येतात. १५ व्या वित्त आयोगाने राज्यांचा हिस्सा ४१ टक्के ठरविला. वसुलीचा खर्च बाजूस ठेवला, तर सर्व राज्यांना मिळून ९ रुपये २ पैसे मिळतात. राज्यांच्या हिश्शात महाराष्ट्राचे प्रमाण ६.३१७ टक्के ठरले. म्हणजे २०२१ ते २०२६ या काळात त्या शंभर रुपयांतून महाराष्ट्राच्या वाट्यास सुमारे ५७ पैसे येत होते.

कर मुंबईत भरला म्हणून तो सर्वस्वी महाराष्ट्राचा, असे म्हणता येणार नाही. कंपनीचे कार्यालय एका ठिकाणी, कारखाना दुसरीकडे आणि ग्राहक देशभर विखुरलेले असतात. दुर्बल राज्यांना अधिक साहाय्य देणे हे राष्ट्रीय कर्तव्यही आहे. मात्र मूळ दर कमी ठेवून अधिभार व उपकर वाढविले, तर कंपनीवरील बोजा तोच राहूनही राज्यांचा हिस्सा आक्रसतो. शाळा, रुग्णालये आणि पाणीपुरवठा यांची जबाबदारी मुख्यतः राज्यांवर असल्याने त्याची झळ अखेरीस नागरिकांनाच पोहोचते.

नाटे गावाशी या कराचा आणखी दोन प्रकारे संबंध येतो. १९६१ च्या आयकर कायद्याने मासे पकडणे, टिकविणे व विकणे या कामांतील सहकारी संस्थांच्या नफ्यास, सभासदत्वाविषयीच्या अटींस अधीन राहून, वजावट दिली. तोच धंदा करणाऱ्या कंपनीस ती मिळाली नाही. सभासदांच्या श्रमावर उभी असलेली संस्था आणि भांडवलावर उभी असलेली कंपनी यांत कायद्याने केलेला हा भेद मच्छीमारांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. दुसरे असे की, ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर वित्त आयोगाच्या अनुदानांत ग्रामपंचायतींचाही विचार होऊ लागला. १५ व्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील अशा अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवला. हे अनुदान केंद्राच्या ज्या निधीतून दिले जाते, त्यात कंपनी कराचीही भर पडते.

कराचा नवा दर जाहीर होतो, तेव्हा चर्चा बहुधा उद्योगांच्या नफ्यापुरती मर्यादित राहते. ग्रामसभेत बसणाऱ्या नागरिकाने आणखी दोन प्रश्न विचारावयास हवेत: या कराचा किती भाग वाटणीत येतो आणि ज्या शासनसंस्थेकडून पाण्याची अपेक्षा आहे, तिच्या हाती त्यातील किती पोहोचतो? आंबडव्याच्या या सुपुत्राने शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेली कसोटी आजही तितकीच उपयुक्त आहे.