एकच गिऱ्हाईक



सकाळपासून सगळे विचारताहेत, "कुठल्या कंपनीत आहेस?" कुठल्याच नाही. बारा वर्षं तारापूर एमआयडीसीतल्या एकाच कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळते, कंत्राटावर. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. महिन्याला बिल लावायचं, टीडीएस कापून पैसे येतात.

२०२०च्या टाळेबंदीत कारखाना बंद, बिलही बंद. आपल्या मुरब्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण ती निदान आधी ठाऊक असते!

तेव्हा बाबा म्हणाले, "उचल घेऊन सगळं पापलेट एकाच व्यापाऱ्याला घातलं, की भाव तोच ठरवतो." बाबा तांडेल, त्यांनी हे भोगलेलं. मी म्हटलं, मी कुठे उचल घेतली? मग आठवलं, सहा वर्षांत मी दरच वाढवून मागितला नव्हता. माणसं घरच्यासारखी, मागायची लाज वाटायची.

पुढच्या वर्षी मागितला. महिनाभर उत्तर नाही, मग मागितल्याच्या निम्मी वाढ. तरी सोडलं नाही. त्या गोदामाची खोड न् खोड मला पाठ आहे, आणि काम आवडतं. फक्त शनिवार दुसऱ्यांसाठी राखलाय. सध्या एका बर्फ कारखान्याची बिलं करून देते. त्यांचे पैसे उशिरा येतात, बोंबील मात्र वेळेवर.